करपरेच्या पानावर आलेली ओळ

बोरी, १२ जानेवारी २०२५

प्रिय लीलाआत्या,

नमस्कार. फोन करावा असं फार वाटलं, पण तुझ्याशी फोनवर बोलायचं म्हणजे शेजारच्या वहिनींना मध्ये उभं करावं लागतं. मी ओरडणार, त्या तुझ्या कानाशी ओरडणार आणि अख्ख्या गल्लीला कळणार. हे गल्लीला कळून चालणार नाही. म्हणून कागद.

शाळेत टॅब आलेत हे तुला दिवाळीत सांगितलं होतं. नववीत दोन मुलांत एक मिळालाय. मी वर्गासाठी एक सामायिक पान केलंय. असा फळा समज, ज्यावर सगळा वर्ग आपापल्या जागेवरून एकाच वेळी लिहितो. एकानं लिहिलेलं दुसरा दुरुस्त करतो, तिसरा त्यात भर घालतो. पानाचा पत्ता पाठ असला की घरच्या मोबाइलवरही ते उघडतं. आम्ही त्यावर करपरा नदीची माहिती गोळा करतोय. जी पोरं वर्गात तोंड उघडत नव्हती ती पानावर चक्क भांडतात, मोठा पूर आपल्या आज्यानं पाहिला की पणज्यानं म्हणून. मी खुशीत होते गं.

गुरुवारी तेच पान मोठ्या पडद्यावर लावून शिकवत होते. ‘नदीकाठची झाडं’ या मथळ्याखाली कुणीतरी लिहीत होतं. बाभूळ. करंज. चिंच. आणि त्याच्याखाली एकेक अक्षर उमटत गेलं, ‘मॅडम माझं लगीन ठरवलंय. मला शाळा सोडायची न्हाई. घरी कळलं तर मारतील.’

मी वाचतेय तोवर ती ओळ शेवटाकडून एकेक अक्षर पुसली गेली. पुन्हा नुसती चिंच राहिली. वर्गाकडं वळले तर सगळ्यांच्या माना टॅबवर. कुणी वर बघेना. किती जणांनी वाचलं, कुणास ठाऊक.

आत्या, नववीतली पोर म्हणजे चौदा-पंधरा वर्षांची. मी नोकरीत नवी, गावात एकटी. मुख्याध्यापक दिनकरराव भले आहेत, पण शाळा समितीतल्या माणसांपुढं त्यांची मान वर होत नाही. मी काय करू? रोज वर्गात जाताना भीती वाटते, की आज ती ओळ पुन्हा येईल. आणि दुसरी भीती अशी, की येणारच नाही.

तुझी,
निवेदिता


मानवत, १७ जानेवारी

चि. निवेदिता,

आशीर्वाद. पत्र दोनदा वाचलं.

मी मुलींच्या शाळेत जन्म घालवला. या वयातल्या पोरी एकमेकींच्या नावानं काय वाट्टेल ते लिहितात. आमच्या वेळी स्वच्छतागृहाच्या भिंतीवर लिहायच्या, आता तुमच्या पडद्यावर. कुणीतरी मैत्रिणीची फजिती केली आणि घाबरून पुसलं, इतकंच असेल.

ते पान बंद कर. ज्या फळ्यावर कोण लिहितं ते मास्तरणीला दिसत नाही, तो फळा काय कामाचा? आणि नदी शिकवायची तर पोरांना नदीवर ने.

तू जिथं राहतेस तिथल्या लोकांच्या घरात शिरू नकोस. तुझी बदली झाली तर बरं म्हणायचं, त्याहून वाईटही होऊ शकतं. तुझ्या वडिलांना मी काय सांगू?

जेवणाची आबाळ करू नकोस. आणि ती ओळ पुन्हा आली तर मात्र कळव.

लीलाआत्या


बोरी, २४ जानेवारी

प्रिय आत्या,

फजिती नव्हती.

त्या पानाचा एक गुण तुला सांगायचा राहिला. पुसलेलं नाहीसं होत नाही. मागं मागं गेलं की कोणत्या टॅबवरून काय लिहिलं, काय खोडलं, सगळं दिसतं. मी शाळा सुटल्यावर दार लावून पाहिलं. ती ओळ ज्या टॅबवरून लिहिली गेली, त्याच टॅबवरून पुसली गेली. तो टॅब अर्पिता आणि प्राची या दोघींचा. सख्ख्या चुलतबहिणी, एकाच घरात राहतात, एकाच बाकावर बसतात. अर्पिता शांत, मान खाली घालून हसणारी. प्राची वर्गात पहिली येते, जिभेला धार.

अर्पिता सोमवारपासून शाळेत नाही.

तिचे वडील बन्सीधरराव आमच्या शाळा समितीत आहेत. मी ज्या खोलीत भाड्यानं राहते तीही त्यांच्या मामेभावाची. काल हिंमत करून त्यांच्या घरी गेले. म्हटलं, वार्षिक परीक्षा तोंडावर आली, पोरगी का येत नाही? बन्सीधररावांनी बसायला खुर्ची दिली, चहा सांगितला. उंच, सावकाश बोलणारा माणूस आहे. म्हणाले, “मामाच्या गावाला गेलीय. आजी आजारी हाय तिची.” मग कप खाली ठेवून म्हणाले, “मॅडम, तुमच्या त्या पानावर पोरं काय काय लिव्हत्यात म्हणं. मी बी बघत असतो अधूनमधून.”

आवाज चढवला नाही. चहा फार गोड होता.

आत स्वयंपाकघराच्या दारात प्राची उभी होती. माझ्याकडं टक लावून बघत होती. मला तेव्हाच उमगलं. ओळ अर्पितानं लिहिली आणि हिनं पुसली. घरात सांगितलं तेही हिनंच. आता वर्गात ती समोर बसते, माझा शब्द न शब्द टिपून घेते. तिच्याकडं पाठ करून फळ्यावर लिहायची मला भीती वाटते. पंधरा वर्षांच्या पोरीची भीती, आत्या!

पान बंद केलेलं नाही. का, ते मलाही नीट सांगता येणार नाही.

निवेदिता


मानवत, २९ जानेवारी

निवेदिता,

मागच्या पत्रात मी घाई केली. ते पत्र फाडून टाक.

‘मामाच्या गावाला गेली’ हे वाक्य मी नोकरीत असताना खूप ऐकलंय. दिवाळीनंतर बाकं रिकामी व्हायची. पोरगी मामाच्या गावाला जायची आणि पुढं कधीतरी कडेवर लेकरू घेऊन बाजारात दिसायची. नमस्कार करायची, “बाई, ओळखलं का?” म्हणायची.

आता नीट ऐक. बन्सीधररावांच्या घरी पुन्हा जायचं नाही. खोलीवर एकटी राहू नकोस, एखाद्या बाईला सोबतीला बोलाव. त्या प्राचीसमोर अर्पिताचं नावही काढू नकोस. लग्न कुठं, कधी, कुणाशी, यातलं एक जरी समजलं तर सरकारात तक्रार करता येते. पण नुसत्या पुसलेल्या ओळीवर कोण येणार? ते येतील, बन्सीधरराव चहा पाजतील, ते परत जातील, आणि पोरगी आणखी लांब नेली जाईल.

पान चालू ठेव. मला त्यातलं काही कळत नाही, पण तिला तुझ्यापर्यंत यायला दुसरं दार नाही, एवढं कळतं.

मी बरी आहे. रोज तुझ्या पत्राची वाट बघते, म्हणून पोस्टमन मला चुकवायला लागलाय.

लीलाआत्या


बोरी, शनिवार, ८ फेब्रुवारी

आत्या,

हे पत्र बुद्धभूषण सरांच्या हाती देतेय. आमच्याकडं विज्ञान शिकवतात, त्यांचं घर मानवतला आहे, दर शनिवारी येतात. त्यांना सगळं माहीत आहे. ते सांगतील तसं कर, आणि ते दारात उभे असतानाच पुढचं वाच.

काल तिसऱ्या तासाला पान पडद्यावर होतं. मुलं नदीवरचे जुने घाट लिहीत होती. तेवढ्यात पानाच्या कोपऱ्यात ‘पाहुणा’ असं नाव उमटलं. बाहेरच्या फोनवरून कुणी पान उघडलं की तसं येतं. मला वाटलं, बन्सीधरराव.

मग लिहायला सुरुवात झाली. ‘मॅडम मी अर्पिता. मानवतला मावशीच्या घरी ठिवलंय. कापसाच्या जिनिंगच्या मागं निळी टाकी हाय ते घर. सोमवारी हळद हाय. मावशीचा फोन हाय ती न्हायला गेली.’

सगळ्या वर्गानं वाचलं. आणि तेव्हाच व्हरांड्यातून दिनकररावांचा आवाज आला, “या ना, या. स्वतःच बघा पोरांची प्रगती.” त्यांच्यासोबत बन्सीधरराव होते. मी खिडकीतून त्यांचा पांढरा शर्ट पाहिला.

पडदा बंद करायचं बटण समोर टेबलावर होतं, आणि मला ते दिसेना.

तेवढ्यात पडद्यावर, अर्पिताच्या ओळीच्या वर, कुणीतरी लिहिलं, ‘करपरा नदी’. खाली दुसरी ओळ, ‘करपरा नदी आमच्या गावाजवळून वाहते’. मी पाहिलं तर प्राची, डोकं खाली घालून धडाधड बोटं चालवत होती. मग तिच्या मागच्या बाकावरून लिहायला सुरुवात झाली. मग खिडकीकडून. मग सगळे. बाभूळ, घाट, म्हशी, पूर, पुलाचा कठडा, अर्धी वाक्यं, चुकीचे शब्द. सगळा वर्ग तिच्या ओळीच्या डोक्यावर लिहीत सुटला आणि ती ओळ खाली खाली ढकलली जात पडद्याबाहेर गेली.

बन्सीधरराव दारात आले तेव्हा पडद्यावर नुसती नदी होती.

“काय लिव्हायलेत पोरं एवढं?” त्यांनी विचारलं.

“नदीची माहिती, काका,” प्राची म्हणाली. मान वर न करता.

ते बराच वेळ पडद्याकडं बघत उभे राहिले. मग माझ्याकडं. मग गेले.

तास संपताच मी ती ओळ पुसून टाकली, तशी प्राची टेबलाशी आली. “मॅडम, त्या दिवशी मीच पुसलं व्हतं. काका रोज माझ्याकडूनच पान उघडून घ्यायचे. त्यांनी वाचलं असतं तर तिला तवाच मारलं असतं.” इतके दिवस मी जिला घाबरत होते, ती माझ्याहून जास्त घाबरलेली होती.

बुद्धभूषण सरांच्या फोनवरून मी मुलांच्या मदतीच्या नंबरला, १०९८ ला फोन केला. त्यांनी सगळं नीट विचारून घेतलं. उद्या परभणीहून माणसं निघतील, पोलीसही असतील. पण त्या भागात निळ्या टाकीची घरं दोन-तीन तरी, असं सर म्हणतात. चुकीच्या दारावर गाडी थांबली तर बातमी पुढं जाईल आणि पोरगी मागच्या दारानं. घर आधी हेरायला हवं. सर परके पुरुष, त्यांना कोण आत घेणार?

मी स्वतः आले असते. पण मी गावातून हलले की खोलीच्या मालकाकडून तासाभरात बन्सीधररावांना कळेल.

तुला यात घालताना माझा जीव वर-खाली होतोय. जमत नसेल तर नको जाऊस.

निवेदिता


मानवत, रविवार, ९ फेब्रुवारी

चि. निवेदिता,

पोरगी माझ्याकडं आहे. आधी हे वाच, मग पुढचं.

सकाळी नवीन पातळ नेसून निघाले. जिनिंगच्या मागं तीन घरांवर निळ्या टाक्या. पहिल्या घरात पाणी मागितलं, तिथं म्हातारा-म्हातारी दोघंच. दुसऱ्या घराच्या अंगणात मांडवाचे बांबू पडलेले. कडी वाजवली. दार उघडलं ती बाई माझ्याकडं बघतच राहिली आणि वाकून पाया पडली. माझी विद्यार्थिनी निघाली गं! भूगोलात नेहमी काठावर पास व्हायची. अर्पिताची मावशी ती हीच.

बुद्धभूषण सर कोपऱ्यावर पानटपरीशी उभे होते. मी त्यांच्याकडं बघून डोक्यावरचा पदर सारखा केला, तसं ठरलं होतं. आणि आत जाऊन खुर्चीवर बसले. चहा मागितला. चहा झाला, पोहे मागितले. तिला वाटलं असेल बाईंना म्हातारचळ लागला. आतल्या खोलीच्या दाराला बाहेरून कडी होती. माझं लक्ष तिकडंच होतं.

मग तिचा नवरा आला. त्याला संशय आला. तो माझ्यासमोर उभा राहून हातवारे करत खूप काही बोलला. तोंड लाल झालं होतं. मला एक अक्षर ऐकू आलं नाही. मी म्हटलं, “बाळा, मोठ्यानं बोल.” तो आणखी ओरडला. मी म्हटलं, “पोह्यांत मीठ कमी आहे.” बहिरेपणाचा आयुष्यात पहिल्यांदा उपयोग झाला.

गाडी आली तेव्हा त्याचा चेहरा बघून मला कळलं. कडी एका महिला पोलिसानं काढली. पोरगी कोपऱ्यात बसली होती, हाताला ओली मेंदी. तिनं कुणाकडंच पाहिलं नाही. विचारलं, “कुणाकडं जायचं बाळा?” तर तिनं माझं बोट धरलं. मला ती ओळखतही नाही. मी एकटी म्हातारी बाई होते, म्हणून असेल.

उद्या तिला परभणीला बालकल्याण समितीपुढं नेतील. तोवर माझ्याकडं ठेवायला लेखी परवानगी दिलीय. इथं सगळं शांत आहे. मांजरानं खिडकीची काच फोडली, एवढंच नुकसान. तू काळजी करू नकोस, तू खोली सोड आणि बुद्धभूषण सरांच्या बोरीतल्या बिऱ्हाडी त्यांच्या आईजवळ राहायला जा. पत्र त्यांच्याच हाती देते.

पोरीला दोन ओळी लिहायच्यात म्हणते. लिहू दे.

लीलाआत्या

मॅडम,
बाईंनी तुमाला खोटं लिव्हलंय. मांजर न्हाई. संध्याकाळी मावशीचा नवरा आन चार जण गाडीवर आले व्हते. लय घाण बोलले. मग दगड आला. बाई भाजी चिरायल्या व्हत्या, त्यांना काच फुटल्याचं बी कळलं न्हाई. मी त्यांना मागून धरलं तवा कळलं. मग त्यांनी पोलिसाचा नंबर माझ्याकडून लावून घेतला. गाडी येऊन गेली. आता दारापशी कपाट सरकवलंय. दार वाजलं का म्हणून बाई सारखं विचारतात, मी कान देऊन बसलेय.
मला लय भ्या वाटायलंय मॅडम. उद्या बापू, म्हंजे माझे वडील, समोर असतील. त्यांच्यासमोर माझ्या तोंडातून शब्द निघत न्हाई. लिव्हायला येतं पण बोलायला येत न्हाई. तिथं लिव्हून दिलं तर चालतं का?
प्राचीला कुणी मारू नये असं करा.
अर्पिता


बोरी, ३ मार्च

प्रिय आत्या,

तुझं सविस्तर पत्र मिळालं. अर्पितानं बालकल्याण समितीपुढं कागद मागितला, उभ्या-उभ्या एक पान लिहिलं आणि समितीतल्या बाईंनी ते बन्सीधररावांना मोठ्यानं वाचून दाखवलं, हे मी कितीदा वाचलं असेल. ती आता परभणीत वसतिगृहात आहे, तिथल्याच शाळेत परीक्षा देणार, हे फक्त प्राचीला सांगितलंय. प्राची शाळेत येते. तिला घरी कुणी हात लावलेला नाही. वर्गातली मुलं तिला घरापर्यंत सोडतात. कुणी सांगितलं नव्हतं त्यांना.

पान बंद झालं. दिनकररावांनी माझ्यासमोर हात जोडले, म्हणाले, “मॅडम, मला निवृत्तीपर्यंत सुखानं जगू द्या.” टॅब कपाटात गेले. शाळा समितीनं माझ्या बदलीसाठी अर्ज केलाय. होईलही. बाजारात मी गेले की बायका बोलायच्या थांबतात. परवा माझ्या स्कूटीचं सीट कुणीतरी पात्यानं फाडलं. मी हे तुला लपवणार होते, पण तुझ्या मांजराची आठवण झाली.

आज जे झालं ते सांगायला बसलेय.

मधल्या सुट्टीत मी वर्गात एकटीच वह्या तपासत होते. दारात सावली पडली. बन्सीधरराव. एकटेच. मी उठले आणि टेबलाच्या पलीकडं सरकले, म्हणजे टेबल मध्ये राहील. त्यांच्या लक्षात आलं. ते दारातच थांबले.

“परीक्षेला कुठं बसती ती?” त्यांनी विचारलं.

मी त्यांच्या तोंडाकडं बघत राहिले. आत्या, बापानं विचारावा असाच हा प्रश्न. आणि पोरीला वाटेत गाठून उचलायचं असेल तर माणूस हाच प्रश्न विचारेल. आवाजावरून मला काही ठरवता येईना. दाढी वाढलेली होती, डोळे तांबडे. पण राग असला तरी डोळे तांबडे होतातच की.

“मला माहीत नाही,” मी म्हणाले.

खोटं आहे हे त्यांना कळलं. मला कळलं की त्यांना कळलं. बाहेर पोरं कबड्डी खेळत होती, त्यांचा दम ऐकू येत होता. मी मनातल्या मनात दारापासून खिडकीपर्यंतचं अंतर मोजत होते.

त्यांनी खिशात हात घातला. मी किंचाळणार होते. आवाजच फुटला नाही, म्हणून वाचले.

त्यांनी खिशातून चष्म्याचं घर काढलं. आत आले, टेबलाच्या त्यांच्या बाजूला ठेवलं आणि दोन पावलं मागं गेले.

“घाईत घरीच राह्यला,” ते म्हणाले. “ह्याच्याबिगर तिला फळ्यावरचं दिसत न्हाई.”

आणि गेले. मागं वळून पाहिलं नाही.

ते फाटकाबाहेर गेल्यावर मी चष्म्याचं घर उघडलं. आत चिठ्ठी असेल, धमकी असेल, काहीतरी असेल म्हणून अस्तर उचकटून पाहिलं. उलटं धरून झटकलं. काही नव्हतं. नुसता चष्मा. काचा धुऊन पुसलेल्या होत्या, आणि एका काडीचा सैल स्क्रू बारीक तारेनं घट्ट बांधलेला होता.

मी त्यांना पत्ता सांगायला हवा होता का, आत्या? दिवसभर स्वतःला विचारतेय. अजूनही सांगणार नाही, असंच उत्तर येतं. आणि रडू येतं.

बुद्धभूषण सर शनिवारी येताहेत. चष्मा त्यांच्याकडं दिलाय. तू स्वतः वसतिगृहावर जा आणि तिच्या हातात दे. कुणी दिला ते तिला सांग. कसं सांगायचं ते मला सुचत नाही, तुला सुचेल.

तुझी,
निवेदिता